शंभराहून अधिक दुचाकींच्या राइडमध्ये कुटुंबासह जावे का?

वाटसरू_पुणे

नमस्कार. आमच्या भागातील एका दुचाकी गटाने येत्या २६ जानेवारीला पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर या मार्गाने प्रतापगडापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याची राइड ठरवली आहे. आतापर्यंत ११० गाड्यांची नोंदणी झाली आहे आणि पत्रकात ‘सहकुटुंब स्वागत’ असे ठळकपणे छापले आहे. मी गेली नऊ वर्षे ३५० सीसीची मोटारसायकल चालवतो. चार-पाच मित्रांसोबत कोकणात आणि एकदा हंपीपर्यंत जाऊन आलो आहे. मात्र एवढ्या मोठ्या ताफ्यात मी कधीही गाडी चालवलेली नाही.

ही कल्पना मुळात माझ्या पत्नीची आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे ‘घरच्यांना कशाला ओढता’ असे कोणी विचारणार नाही. ती १२५ सीसीची स्कूटर रोज चालवते, परंतु महामार्गावर सलग पन्नास किलोमीटरपेक्षा अधिक अंतर तिने कधी कापलेले नाही. आमच्यासोबत सतरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी असेल. मुलाचा हट्ट असा की घाट सोडून उरलेल्या रस्त्यावर स्कूटर त्याने चालवावी आणि आईने मागे बसावे. मुलीला माझ्या आणि तिच्या आईच्या मध्ये बसवावे, असेही एका परिचिताने सुचवले, कारण त्यामुळे ती ‘सुरक्षित’ राहील.

मला तीन गोष्टींबाबत मार्गदर्शन हवे आहे. एवढ्या मोठ्या राइडमध्ये कुटुंबासह जावे की नाही, जायचे ठरल्यास कोणी कोणाच्या मागे बसावे, आणि ताफ्यात आमची जागा कोणती असावी? माझा स्वतःचा विचार सर्वांत मागे राहण्याचा आहे, म्हणजे आमच्यामुळे कोणाचा खोळंबा होणार नाही.

---

घाटवाट

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. कुटुंबासह असाल तर कृपया सर्वांत मागे राहू नका. नवख्या माणसाला मागची जागा सुरक्षित वाटते, आणि मोठ्या ताफ्यात नेमकी तीच जागा सर्वांत दमवणारी असते.

साधा हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर राखायचे म्हटले तर दोन गाड्यांमध्ये साधारण ३३ मीटर मोकळे राहतात. ११० गाड्या एकामागोमाग एक चालल्या तर ताफा साडेतीन किलोमीटरांहून लांब होतो. आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे सरकून चालल्या तरी पावणेदोन किलोमीटर धरा. आता सर्वांत पुढच्या माणसाने गतिरोधकापाशी वेग थोडासा कमी केला की त्याच्यामागचा त्याहून थोडा अधिक ब्रेक लावतो, त्याच्यामागचा आणखी थोडा अधिक, आणि शेपटाकडे पोहोचेपर्यंत गाड्या जवळजवळ थांबतात. तोवर पुढचे ६०वर परतलेले असतात आणि मागच्यांना अंतर भरून काढण्यासाठी ८०-९०ने पळावे लागते. पुढे निवांत फेरफटका चाललेला असतो आणि शेवटच्या वीस गाड्यांची दिवसभर शर्यत सुरू असते. ज्या गाडीवर आठ वर्षांचे मूल आहे, ती त्या वीस गाड्यांत असता कामा नये.

म्हणून मी ज्या राइडमध्ये मार्शल म्हणजे ताफा सांभाळणारा म्हणून काम करतो, तिथे मुले, स्कूटर आणि प्रथमच आलेले लोक यांना लीडच्या, म्हणजे सर्वांत पुढे चालणाऱ्याच्या, थेट मागे ठेवतो आणि लीडने आरशात त्यांना पाहूनच वेग ठरवायचा असा दंडक घालतो. अनुभवी आणि वेगवान मंडळींना मागे ठेवले की त्यांना कंटाळा येतो, पण कंटाळ्याने कोणाचे हाड मोडत नाही.

आता तुमच्या आयोजकांना काही प्रश्न विचारा. ११० गाड्या एकाच रांगेत निघणार की आठ-दहा गाड्यांच्या गटांनी, काही मिनिटांच्या अंतराने? महामार्ग सोडून वाईकडे वळायच्या सुरूर फाट्यासारख्या वळणावर शेवटची गाडी येईपर्यंत कोणी थांबणार आहे का? सर्वांत मागे चालणाऱ्या स्वीपकडे पंक्चरचे साहित्य आणि प्रथमोपचार पेटी आहे का? ताफ्यामागे एखादे चारचाकी वाहन आहे का? पेट्रोल कुठे भरणार, हे विचारायला विसरू नका. प्रत्येक गाडीला दोन मिनिटे धरली तर चार नळ्यांच्या पंपावरसुद्धा ११० गाड्यांना पंचावन्न मिनिटे लागतात. ज्या आयोजकाने आदल्या रात्री टाकी भरून यायला सांगितलेले नाही, त्याने इतर गोष्टींचाही विचार केलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

आणि हो, चौकात गाडी आडवी घालून इतरांची वाहतूक रोखणे हा मार्शलचा अधिकार नाही. तसे करणारा गट दिसला तर पहिल्याच थांब्यावरून घरी परता.

---

कलम_दाखवा

मुलाच्या हट्टाविषयी आणि परिचितांच्या सूचनेविषयी लिहितो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते. मुलगी मध्ये बसली की तुम्ही तिघे होता आणि कलम १९४-सीनुसार एक हजार रुपये दंडाबरोबर तीन महिन्यांसाठी परवानाही जाऊ शकतो. तेही क्षणभर बाजूला ठेवा. मध्ये बसलेल्या मुलाचे पाय कोणत्याही पायपट्टीवर टेकत नाहीत, त्याला धरायला काही नसते आणि अचानक ब्रेक लागला तर मागच्या मोठ्या माणसाचे सगळे वजन त्याच्यावर येते. यात सुरक्षित काय आहे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

हेल्मेटची सक्ती चार वर्षांवरील प्रत्येकाला आहे, त्यामुळे मुलीलाही भारतीय मानक ‘आयएस ४१५१’ची खूण असलेले, तिच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट लागेल. भुवयांच्या वरून फितीने माप घेऊनच खरेदी करा. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठे घेऊ नका. (नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी २०२२ साली वेगळा नियम झाला असून त्यात पट्ट्यांचा हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. तो तुम्हाला लागू नाही, पण अन्य वाचकांना उपयोगी पडेल.)

मुलगा सतरा वर्षांचा आहे. अठराच्या आत फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा परवाना मिळतो. १२५ सीसीची स्कूटर त्याला रिकाम्या रस्त्यावरही चालवता येणार नाही. तसे आढळल्यास कलम १९९-एनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. आपल्याकडे हे कलम पालकांना अपघातानंतर कळते.

शेवटचा मुद्दा विम्याचा. तुमच्या पॉलिसीतील पंधरा लाखांचे बंधनकारक वैयक्तिक अपघात संरक्षण हे ज्याच्या नावावर गाडी आहे त्या परवानाधारक मालकापुरते असते. स्कूटर तुमच्या नावावर असेल आणि पत्नी चालवत असेल, तर ते संरक्षण तिला मिळत नाही. मागे बसणाऱ्यालाही ते आपोआप मिळत नाही, त्यासाठी थोडा अधिक हप्ता भरून वेगळी जोड घ्यावी लागते. निघण्यापूर्वी पॉलिसीचा कागद स्वतः वाचा, एजंटला दूरध्वनी करून समाधान मानू नका.

---

मागचीसीट

वरील दोघांनी गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे. मी अकरा वर्षे यजमानांच्या मागे बसून आणि गेली चार वर्षे स्वतः गाडी चालवून अशा राइडमध्ये भाग घेत आहे, त्यामुळे मागच्या माणसाच्या बाजूने काही सांगते.

पहिली गोष्ट झोपेची. मोठ्या माणसांना हे सांगितले तर ते हसतात, पण लहान मूल धावत्या दुचाकीवर अगदी सहज झोपते. इंजिनाची एकसुरी घरघर, अंगावर येणारा वारा, पहाटे लवकर उठलेले शरीर आणि जेवणानंतरचे ऊन, एवढे पुरेसे असते. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना परतीच्या वाटेवर अशीच झोपली होती. सुदैवाने ती माझ्या यजमानांच्या मागे होती आणि मी दुसऱ्या गाडीवरून तिची मान कलताना पाहिली. चालकाला यातली पहिली खूण जाणवते ती हेल्मेटची: मुलाचे हेल्मेट तुमच्या पाठीवर टकटक आपटू लागले की पुढचा थांबा किती दूर आहे याचा विचार न करता गाडी कडेला घ्यावी. दर दोन-तीन मिनिटांनी मुलीने तुमच्या कमरेवर दोनदा थोपटायचे, असा खेळ ठरवून ठेवा. थोपटणे थांबले की तुम्ही थांबायचे.

दुसरी गोष्ट पायांची. दोन्ही तळवे पायपट्टीवर सपाट टेकतात का आणि मुलगी आपल्या हातांनी तुम्हाला घट्ट धरू शकते का, हे घराबाहेर गाडी उभी करून आधी तपासा. आठव्या वर्षी काही मुलांचे पाय पोहोचतात, काहींचे नाही. टेकत नसतील तर हा विषय तिथेच संपतो. आजोबा-आजींकडे एक दिवस राहण्यात तिचे काही नुकसान नाही.

तिसरी गोष्ट कपड्यांची. २६ जानेवारी असल्याने अनेक जणी नऊवारी नेसून किंवा फेटा बांधून येतील. छायाचित्रात ते फार छान दिसते. परंतु मागच्या चाकावर निदान अर्धे चाक झाकणारी जाळी असणे नियमाने आवश्यक असूनही बहुतेक तरुण मंडळींनी ती ‘लुक’साठी काढून टाकलेली असते, आणि ओढणी किंवा पदर चाकात गेल्याचे मी दोनदा पाहिले आहे. फेट्यावर हेल्मेट बसत नाही, म्हणून हेल्मेट आरशाला लटकते. फेटा गडावर बांधावा. आयोजक मोठाले झेंडे वाटत असतील तर तेही घेऊ नका. मागच्याच्या डोळ्यांसमोर कापड फडफडते आणि काठी कधी निसटेल याचा नेम नसतो.

चौथी गोष्ट स्वच्छतागृहांची, जी कोणत्याही पत्रकात नसते. ११० गाड्या एकाच हॉटेलापाशी थांबल्या की स्त्रियांच्या रांगेचा वेळ थांब्याच्या वेळेपेक्षा अधिक होतो, मग बायका पाणी पिणे टाळतात आणि दुपारी डोके दुखते. शिरवळला सगळे थांबणार असतील तर तुम्ही त्याआधी दहा मिनिटे एखाद्या पंपावर थांबून घ्या.

आपल्या पत्नीला माझ्याकडून सांगा की त्यांनी जरूर यावे. मात्र आधीच्या रविवारी दोघांनीच वाईपर्यंत जाऊन यावे. त्या प्रवासात त्यांचे मनगट आणि पाठ काय सांगते, त्यावरून निर्णय घ्यावा. आमच्या सल्ल्यावरून नव्हे.

---

तिसरा_गिअर

माझे मत वेगळे आहे आणि ते थोडे कडवट वाटेल. तीस गाड्यांच्या पुढे गेलेली राइड ही राइड नसून मिरवणूक असते, आणि मिरवणुकीत मुलांना पायी न्यावे. आपल्याला प्रतापगड पाहायचा आहे की ११० सायलेन्सर ऐकायचे आहेत, हे आधी ठरवा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी तिथे काय घडले हे मुलांना सांगायचे असेल, तर साध्या मंगळवारी जा; गडावर निवांतपणे बोलता तरी येईल.

पण जाणारच असाल, तर स्कूटरविषयी एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या, जी वर कोणी लिहिली नाही. वाई ते पाचगणीचा पसरणी घाट चढताना १२५ सीसीची स्कूटर दोघांना घेऊन सावकाश का होईना, चढते. खरी परीक्षा उतारावर आहे. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथून प्रतापगडाकडे जाणारा आंबेनळी घाट वळणावळणांनी खाली उतरतो. मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडीला आवरते. स्कूटरच्या स्वयंचलित रचनेत तसा आधार फारसा मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर पडतो आणि लांब उतारावर सतत दाबून धरलेला ब्रेक तापून निकामी होऊ लागतो. चाकेही लहान असल्याने खड्डा अधिक जोरात बसतो. म्हणून स्कूटरने आंबेनळी उतरूच नये असे माझे म्हणणे आहे. पसरणी घाटही परतताना उतरायचाच आहे, तिथे ब्रेक थोडा दाबून सोडावा, पुन्हा दाबावा, आणि मध्ये एकदा थांबून तो निवू द्यावा.

कोणी कोणाच्या मागे बसावे, याचेही उत्तर यातच आहे. वजनदार मुलगा मोटारसायकलवर, मुलगी स्कूटरवर. ‘मुलगी वडिलांपाशी अधिक सुरक्षित’ हा भावनेचा भाग झाला; स्कूटरच्या ब्रेकला भावना कळत नाहीत.

---

घाटवाट

@तिसरा_गिअर, ब्रेकविषयी आपण लिहिले ते अगदी बरोबर आहे आणि माझ्याकडून ते राहून गेले. आसनव्यवस्थेबाबत मात्र मी थोडी दुरुस्ती सुचवतो. सपाट महामार्गावर अनुभव वडिलांचा अधिक आहे आणि तिथे वेगही अधिक असतो. तेव्हा वाईपर्यंत मुलगी त्यांच्यामागे आणि मुलगा स्कूटरवर, तर घाटात अदलाबदल, असे करता येईल. मुलाला मागे घेऊन स्कूटर सपाटीवर नीट चालते. दोन्ही गाड्यांच्या मागच्या टायरमध्ये, दोघे बसणार असतील तेव्हाचा जो वेगळा आकडा पुस्तिकेत दिलेला असतो, तेवढी हवा भरून घ्या. घाटात डावी-उजवीची रचना मोडून एकेरी रांग करायची आणि ताफ्यातल्या ताफ्यात ओव्हरटेक करायचा नाही, एवढे पाळले तरी पुष्कळ आहे.

---

वाटसरू_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. राइड होऊन आता पाच दिवस झाले. विचारून गायब होणे बरे नव्हे, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहितो.

आधीच्या रविवारी आम्ही दोघे वाईला जाऊन आलो. ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन कृष्णेच्या घाटावर बसलो असता पत्नीने स्वतःच सांगितले की मनगट ठीक आहे, पण महामार्गावरच्या खंबाटकी घाटात मोठे ट्रक शेजारून जाताना तिचा श्वास रोखला जात होता. त्यावरून आम्ही ठरवले की वाई-पाचगणी-महाबळेश्वर एवढेच करायचे आणि आंबेनळी घाट उतरायचा नाही. विम्याचा कागदही वाचला. स्कूटर माझ्याच नावावर आहे आणि @कलम_दाखवा यांनी लिहिले ते शब्दशः खरे निघाले. पत्नीच्या नावाने वेगळा अपघात विमा काढला.

आयोजकांना @घाटवाट यांचे प्रश्न विचारले तेव्हा प्रथम थोडी नाराजी दिसली. गट पाडायला त्यांनी होकार दिला, वळणावर माणूस ठेवायलाही दिला, पेट्रोलचा मुद्दा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. आम्हाला पहिल्या गटात, लीडच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या जागी घेतले. कात्रजचा बोगदा ते शिरवळ हा टप्पा सुंदर झाला. लीडने ५५चा वेग धरला होता आणि मुलगी इमानेइतबारे माझ्या कमरेवर थोपटत होती.

गडबड शिरवळनंतर झाली. नाश्त्यानंतर लीड बदलला आणि नव्या गृहस्थांना आरसा हा दाढी करण्यासाठी असतो असे वाटत असावे. ते ७५-८०वर गेले, मागचे गटही आमच्यात मिसळले आणि खंबाटकीच्या पायथ्याशी आमच्या दोन्ही बाजूंनी गाड्या जाऊ लागल्या. मी वेग वाढवायच्या बेतात होतो, हे कबूल करतो. मागे पडण्याची एक विचित्र लाज वाटते. तेवढ्यात आरशात पत्नीने डावा दिवा लावलेला दिसला. ती शांतपणे कडेला थांबली, म्हणून मीही थांबलो. सगळा ताफा पुढे गेला आणि शेवटी स्वीपचे काम करणारा तरुण आमच्यापाशी येऊन उभा राहिला. त्याने फक्त ‘काका, सावकाश चला, मी आहे मागे’ एवढेच म्हटले आणि महाबळेश्वरपर्यंत तो आमच्यासोबतच राहिला. सुरूर फाट्यावर ठेवलेला माणूस तोवर निघून गेला होता, पण रस्ता आम्हाला माहीत होता.

पसरणी घाटाच्या आधी आम्ही मुलांची अदलाबदल केली. पाचगणीत सुटीची एवढी गर्दी होती की आमच्या आधी निघून गेलेले निम्मे लोक तिथे वाहतूककोंडीत उभे असलेले भेटले. प्रतापगड राहिला. मुलगा खट्टू झाला, मग स्ट्रॉबेरी-क्रीमवर तडजोड झाली.

परतताना वाई सोडल्यावर, म्हणजे मुलगी पुन्हा माझ्यामागे बसल्यावर दहा-बारा मिनिटांतच, पाठीवर टक, टक असे काहीतरी वाजले. @मागचीसीट, ते वाचलेले नसते तर मला वाटले असते की ती खेळते आहे. रस्त्याकडेच्या वडाखाली गाडी लावली आणि ती तिच्या आईच्या मांडीवर पाऊण तास गाढ झोपली.

---

मागचीसीट

वाचून डोळे भरून आले. पुढच्या वेळी तिला जेवण हलके द्या आणि दुपारी एक ते तीन गाडी चालवूच नका. आणि खंबाटकीच्या पायथ्याशी डावा दिवा लावणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा.